ठकूबाईचा दर

खडकवण्याच्या ओढ्याकाठी, जिथे दोन जुनी करंजाची झाडं आहेत, तिथे तुळाजी महाराजांचा मठ होता. मठ हा आपला म्हणायला मोठा शब्द. शेणाने सारवलेली एक पडवी, मागे स्वयंपाकाची खोली आणि पुढे ऐसपैस अंगण, एवढाच तो पसारा. महाराज तिथे पस्तीस वर्षं राहिले. अंगावर एक धोतर, खांद्यावर एक उपरणं आणि मुखी नाम. त्यांनी कधी कुणाला गंडादोरा दिला नाही की कुणाचं भविष्य सांगितलं नाही. पण त्यांच्यापुढे बसलं की माणसाला खोटं बोलता यायचं नाही, असं माझी आई सांगायची. ही कथा मी तिच्याच तोंडून ऐकली, आणि इतक्या वेळा ऐकली की आज सांगायला बसलो तरी तिचाच आवाज कानात येतो. आई गेली. मठही आता सिमेंटचा झाला.

त्या काळी घरोघरी पितळेची भांडी असत आणि वर्षातून दोनदा त्यांना कल्हई करावी लागे. आजच्या पोरांना कल्हई म्हणजे काय तेही सांगावं लागतं! पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की तो कळकतो, म्हणजे हिरवट पडतो, जिभेला कडू लागतो आणि खाणाऱ्याचं पोट बिघडतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाला पिंपळाखाली भट्टी मांडायचा, भात्याने निखारे फुलवायचा, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकायचा. भस्सकन पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळंकुट्ट भांडं चांदीसारखं लखलखायचं. तो धूर ज्याने लहानपणी नाकात घेतला, तो माणूस म्हातारा झाला तरी त्या वासाला विसरत नाही. मी तरी विसरलो नाही.

खडकवण्याचा कल्हईवाला होता केरबा तांबट. माणूस सज्जन, हात कसबी. पण वर्षानुवर्षं धूर आणि आच सोसून त्याचे डोळे अधू होत गेले, आणि एका होळीनंतर तर त्याला भांड्याचा काठही दिसेना. घरात तो आणि त्याची बायको ठकूबाई, दोघंच. अठरा वर्षं ठकूबाई त्याच्या शेजारी बसून भाता ओढत आली होती. भांडं किती तापवायचं, नवसागर कधी टाकायचा, कथील कुठवर ओढायचं, हे तिला नवऱ्याइतकंच कळत होतं. खरं सांगायचं तर चार गोष्टी जास्तच कळत होत्या, पण त्या तिने कधी बोलून दाखवल्या नाहीत.

आता तिने स्वतः भट्टी मांडली. गावात हसू झालं. "बाई कधी कल्हई करते व्हय?" म्हणणारे म्हणाले, पण भांडी घेऊन आले. कारण दुसरा कल्हईवाला होता कुठे? मजुरी मात्र सगळे निम्मी देत. बाईमाणसाला निम्मं, हा जगाचा रिवाज. आणि ठकूबाईचीही एक सवय होती. कुणी "काय द्यायचं?" विचारलं की ती पदर सावरत म्हणायची, "द्या काय द्यायचं ते." देणारे कशाला सोडतात!

दोन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं, की बाजारात कथील काही बाई बघून स्वस्त मिळत नाही. नवसागर, कोळसा यांचे भाव तेच. निम्म्या मजुरीत मालाचा खर्च जेमतेम सुटायचा, हातात काही उरायचं नाही. आणखी एक महिना असाच गेला असता तर भाता विकून रानात खुरपायला जावं लागलं असतं. तेही तिने केलं असतं. पण केरबा भिंतीला टेकून तासन् तास त्या भात्यावरून हात फिरवत बसायचा, ते तिला बघवत नसे.

एक दिवस ती मठात दर्शनाला आली, तेव्हा महाराजांनी एक लहानसं पातेलं तिच्यापुढे ठेवलं.

"ठकू, ह्याला कल्हई करायची हाय. काय घेशील?"

"महाराज, तुमच्याकडनं काय घ्यायचं? सेवा घडू द्या माझ्या हातनं."

"सेवा करायची तर अंगण झाड. कल्हई तुझा धंदा हाय. दर सांग."

"द्या मग दोन आणे."

"हा दर कुणाचा?"

"लोक देत्यात त्यो."

"लोकांचा ऱ्हाऊ दे लोकांपाशी. तुझा काय?"

कथील, कोळसा, नवसागर, दिवसाची मेहनत, सगळं तिने मनात मांडलं. मग अगदी पुटपुटत म्हणाली, "चार आणे."

"ऐकू आलं न्हाई," महाराज म्हणाले.

"चार आणे, महाराज!"

हे ती एवढ्या मोठ्यानं बोलली की करंजावरचे कावळे उडाले. महाराज खळखळून हसले. त्यांनी ताटातल्या दक्षिणेतून मोजून चार आणे काढले, ना कमी ना जास्त, आणि तिच्या हातावर ठेवले. म्हणाले, "आता एक ध्यानात ठेव. दर सांगून झाला की गप बसायचं. त्याच्यामागनं रडगाणं लावायचं न्हाई, आन् 'तुमी म्हणाल ते' तर कधीच म्हणायचं न्हाई."

पुढे चैत्र आला. चैत्र वद्य द्वादशीला मठात भंडारा व्हायचा आणि सात गावची माणसं जेवायला यायची. त्याचा खर्च करायचे रंगराव इनामदार. दानाला हात मोठा, पण दिलेल्या दानाचा डंका त्याहून मोठा! भंडाऱ्याची बारा मोठी तपेली त्यांच्याच घरची. ती कल्हईला काढली तेव्हा त्यांनी ठकूबाईला बोलावून घेतलं. ओसरीवर चार पाहुणे बसले होते.

"केरबाला तपेल्यामागं बारा आणे देत हुतो," इनामदार म्हणाले. "तुला सहा. कर सुरू."

ठकूबाईने सवयीने पदर सावरला. पण ती म्हणाली, "बारा आणे, सरकार." आणि गप्प बसली.

"अगं, बाईला निम्मं हा रिवाज हाय. माझ्या रानात वीस बायका खुरपायला येत्यात. निम्मं घेत्यात आन् दुवा देत जात्यात."

"कथील मला पुऱ्या भावात पडतं, सरकार. दर बाराच."

इनामदार पाहुण्यांकडे बघून हसले. "महाराजांनी पढवून धाडलीया वाटतं! मग जा की महाराजांकडं. म्हणावं, बारा आणे तपेल्याची गिऱ्हाइकं बी तुमीच आणून द्या." ओसरीवर हशा पिकला. ठकूबाई खाली मान घालून निघाली.

इनामदारांनी बाजाराच्या गावचा एक कल्हईवाला आणला. त्याने तपेल्यामागे पाच आण्यांत काम उरकलं. तपेली अशी चकाकत होती की बघत राहावं. इनामदारांनी ती मुद्दाम ओसरीवर मांडून ठेवली आणि रस्त्याने जाणाऱ्या ठकूबाईला हाक मारली. "बघ! बाराच्या जागी पाचात उजेड पडला!"

ठकूबाईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "सरकार, ह्यात शिसं मिसळलंय, आन् थर बी कांद्याच्या पापुद्र्यागत हाय. ह्यात चिंचेची आमटी नका शिजवू. माणसं आजारी पडतील."

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट!" इनामदार म्हणाले आणि आत निघून गेले.

तिथून ती तडक मठात आली. आजवर ती महाराजांपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती, पण त्या दिवशी बोलली. "महाराज, तुमी सांगितलं तसा दर सांगितला. काम गेलं. घरात पीठ न्हाई. आता दर शिजवून घालू का नवऱ्याला?"

पडवीतली माणसं चपापली. महाराजांशी असं कुणी बोलतं का! पण महाराज रागावले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "न्हाई घालता येत," ते म्हणाले. "तुझं खरं हाय, बाई." मग म्हणाले, "मठाचं एक जुनं तपेलं हाय. नैवेद्याची आमटी त्यात करत्यात. त्याला कल्हई कर. बारा आणे. आगाऊ घेऊन जा, आन् आधी पीठ आण."

दुसऱ्या दिवशी मठाच्या अंगणात भट्टी पेटली. केरबाही काठी टेकत आला होता. अठरा वर्षं तिने भाता ओढला होता, त्या दिवशी केरबाने तो आपल्या मांडीशी ओढून घेतला आणि म्हणाला, "तू कथील सांभाळ. वारा मी देतो." डोळे नव्हते, पण ताल चुकला नाही.

द्वादशी उजाडली. ओढ्यापर्यंत बैलगाड्या सुटल्या होत्या. पत्रावळी मांडल्या, भात झाला, लापशी झाली. बारा तपेल्यांत पहाटेपासून आमटी उकळत होती. मठाच्या तपेल्यातल्या आमटीचा महाराजांनी नैवेद्य दाखवला. म्हादबा आचाऱ्याने पहिल्या तपेल्यावरचं झाकण काढलं आणि तो जागीच थबकला. काठाला हिरवी कड आली होती. त्याने थेंबभर जिभेवर घेतली आणि थुंकली. दुसरं तपेलं उघडलं, तिसरं उघडलं. बाराच्या बारा!

"सरकार, आमटी कळकली," तो म्हणाला. "एक थेंब वाढायच्या कामाची न्हाई."

पहिली पंगत बसली होती. मागे हजार-दीड हजार माणूस उभं होतं. पुन्हा आमटी करायची तर ना डाळ ना वेळ. सात गावांत आता आपली छीथू होणार, हे इनामदारांना समोर दिसायला लागलं. ते धावत महाराजांकडे आले. "महाराज, लाज राखा!"

"चांगलं तपेलं एकच हाय," महाराज म्हणाले.

"त्यात एक पंगत बी व्हायची न्हाई!"

महाराज उठले, नैवेद्याच्या तपेल्याशी गेले आणि खांद्यावरचं उपरणं त्यावर झाकलं. मग त्यांनी गर्दीत मागे उभ्या असलेल्या ठकूबाईला हाक मारली. "भांडं तुझ्या हातचं, वाढ बी तूच. आत वाकून बघू नगंस. समोरच्या पानाकडं बघ."

ठकूबाईने पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि उपरण्याखाली पळी घातली. पहिली पंगत उठली. दुसरी बसली, उठली. तिसरी, चौथी. वाढपी बादल्या घेऊन येत, ती भरून देई. लोक मागून मागून आमटी घेत होते. चिंचगुळाची ती चव आईच्या जिभेवर मरेपर्यंत राहिली. ऊन कलायला लागलं तरी पळी बुडतच होती. सातव्या पंगतीला इनामदारांना राहवेना. ते हळूच आले आणि त्यांनी उपरण्याचा कोपरा उचलला. आमटी सकाळी जिथे होती तिथेच होती. बोटभरही खाली गेली नव्हती! आणि वरच्या काठाला ठकूबाईची कल्हई स्वच्छ चमकत होती.

इनामदारांनी महाराजांचे पाय धरले. "महाराज, मी तुम्हाला हसलो. माझं चुकलं."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मला हसलास त्याचं काय! मजुरी तिची बुडत हुती. तिच्याशी बोल."

मग इनामदारांनी घरून साडी, खण, नारळ आणि वर अकरा रुपये मागवले, आणि ते ताट ठकूबाईपुढे धरलं. आता ही बाई पाया पडून घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ठकूबाईने हात पुढे केला नाही.

"सरकार, हे बहिणीला देत्यात, न्हाईतर गरिबाला. मी दोन्हीपैकी कुणी न्हाई. तुमची बारा तपेली वाया गेल्यात, ती मी उद्या खरवडून नीट करते. तपेल्यामागं बारा आणे."

इनामदारांनी ताट खाली ठेवलं. "बारा आणे," ते म्हणाले. "आन् दर साली तूच."

इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण शेवटची पंगत बायकांची होती, आणि त्यात इनामदारांच्या रानात खुरपणाऱ्या वीसही जणी बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठून उभी राहिली. लग्न होऊन दीड वर्ष झालेली, काटकुळी पोर. हात अजून आमटीने माखलेला. ती माझी आई.

"सरकार," ती म्हणाली, "मग आमचं खुरपं काय निम्मं गवत काढतंया?"

आई सांगायची, बोलून गेले खरी, पण लगेच घाबरले. वाटलं, उद्यापासून या रानात आपल्याला पाऊल टाकू देणार नाहीत. सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज डोळे मिटून नाम घेत होते. ना इनामदारांना काही म्हणाले, ना आईला. तपेल्यावर उपरणं तसंच होतं.

इनामदार चार पावलं पुढे आले. मग त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, त्या खुरपणाऱ्या बायकांच्या पंगतीपुढे जमिनीवर ठेवला आणि सात गावांच्या देखत गुडघे टेकून मान वाकवली. "सोमवारपासनं मजुरी गड्याइतकी," ते म्हणाले. आवाज जेमतेम आला, पण आला.

त्या मजुरीवर माझं शिक्षण झालं. लोक आजही तुळाजी महाराजांच्या समाधीपुढे हात जोडून ते न सरलेलं तपेलं आठवतात, आणि आठवावंच, मीही जोडतो. पण आई म्हणायची, "आरं, आमटी वाढवणं त्यांना काय अवघड हुतं? मला त्यो रुमाल खाली आला त्यो चमत्कार मोठा वाटतो."