सातच्या खालचा एक

“पण चूक तिचीच होती ना, गुरुजी?”

ओसरीवर पावटे सोलत बसलेल्या ढवळेगुरुजींना विश्वंभरने हेच पुन्हा विचारलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेला हा पठ्ठ्या आता तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचा, आणि आपल्यासारखं गणित दुसऱ्या कुणाला येत नाही, हे सगळ्यात आधी त्याचं त्यालाच पटलं होतं. आज मात्र स्वारीचा चेहरा पार उतरला होता.

“काय म्हणाली पोरगी?”

“सात ही परिमेय संख्या नाही म्हणाली. का, तर तिला छेद नाही.”

“आणि तू?”

“मी हसलो... म्हटलं, चंदा, तुझं डोकं काही नैसर्गिक संख्यांच्या पुढे जायचं नाही. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. काल तिच्या घरी गेलो, तर तिची आई म्हणते, पोरगी शाळेचं नाव काढू देत नाही. उद्या तिला मामाकडे वीटभट्टीवर धाडणार आहेत.”

गुरुजींनी एक शेंग सोलली.

“मग, सातला छेद नाही?”

“आहे की. खाली एक असतो. आपण लिहीत नाही, एवढंच.”

“का नाही लिहीत?”

“सगळ्यांना ठाऊकच असतो ना तो.”

“कुणाला?”

पूर्ण संख्या, पूर्णांक, परिमेय, अपरिमेय, साऱ्या व्याख्या विश्वंभरने वर्गात घडाघडा म्हणून दाखवल्या होत्या. सातच्या खालचा तो एक मात्र फळ्यावर कधी लिहिलाच नव्हता.

“आत्ताच जातो,” तो पुटपुटला. “तिला व्याख्या नीट समजावून सांगतो.”

गुरुजींनी परात बाजूला सारली.

“आधी हसून दाखव.”

“काय?”

“तिच्याकडे बघून हसलास ना, तसाच. माझ्याकडे बघ आणि हस.”

विश्वंभरने ओठ ताणले... जमेना. पुन्हा ताणले, तर डोळेच भरून आले. आपण त्या पोरीचं काय करून बसलो, या विचाराने त्याला मान वर करवेना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने चाचपडत खिशातून रुमाल काढला. गुरुजींनी त्याचा हात धरला.

“पुसू नकोस. असाच जा तिच्याकडे.”