चौतीस कंबरेचे सभापती

हिंदुराव पाटणे पंचायत समितीचे सभापती होते, तेव्हापासून त्यांच्या पँटचं माप चौतीस. पुढे सभापतिपद गेलं, पोट आलं, पण चौतीस काही हललं नाही, कारण साहेब पट्टा पोटाखाली बांधत आणि त्यालाच कंबर म्हणत.

विट्यातल्या जुन्या कपड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केतकी म्हेत्रेनं नवऱ्याचा जोधपुरी कोट विकायला टाकला. खाली स्पष्ट लिहिलं, 'पोटावर चाळीस इंच.' चौतीसच्या माणसाला तो ढगळच होणार, अशा ऐटीत साहेबांनी कोट घेतला. घरी बटणं लागेनात.

मग त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "माप खोटं आहे. या बाईंनी जाहीर माफी मागावी, नाहीतर त्यांना ग्रुपमधून काढायला लावीन." ग्रुपचा ॲडमिन त्यांचाच पुतण्या होता.

केतकीनं उत्तर दिलं, "साहेब, कोट परत घेते आणि माफीही मागते. तुम्ही फक्त पोटाभोवती टेप धरून, आकडा दिसेल असा फोटो इथं टाका. चाळीसच्या आत भरला, की चूक माझी."

फोटो काही आला नाही. तालुक्याला दरडावणारा माणूस शिंप्याच्या टेपला घाबरला. आठवड्याभरात साहेबांनी तोच कोट ग्रुपवर विकायला काढला आणि खाली लिहिलं, 'पोटावर चाळीस इंच. माप अचूक आहे, स्वतः खात्री केली आहे.'

केतकीनं त्याखाली एवढंच लिहिलं, "साहेब, माफी पोचली."