भारुंडाची झेप

"मग चुकतंय तरी कुठे, आबा?"

शाल्मलीनं भारुंडाच्या, त्या अवाढव्य पक्ष्याच्या बाहुलीच्या, मानेतून हात बाहेर काढला. कोपरापर्यंत घामानं निथळत होता. सकाळपासूनचा हा अकरावा प्रयत्न, आणि अकराव्यांदाही पक्षी मेलेलाच दिसला होता.

भिकाजी आबा मंचावरच्या उंच फळीवर बसून राजकन्येच्या बाहुलीची गुंतलेली दोरी सोडवत होते.

कोल्हापूरच्या त्या जुन्या स्टुडिओत चार महिने या सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. सात बेटं, एक राक्षस, एक हरवलेली राजकन्या... आणि पडद्यावर माणूस एकही नाही. सगळ्या बाहुल्या. आबांनी कुडाळकडे उभा जन्म कळसूत्री बाहुल्या नाचवण्यात घातलेला. शाल्मली हीच विद्या परदेशात चार वर्षं शिकून, तिथलं पहिलं बक्षीस घेऊन आलेली. आबांच्या हाताखाली काम तिनंच मागून घेतलं होतं. पण आता आपल्याला शिकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, असंही तिला मनातून वाटायचं.

उरलं होतं ते शेवटचं दृश्य. जळत्या बुरुजावरून राजकन्या उडी टाकते, भारुंड तिला मानेवर झेलतो आणि आभाळात झेपावतो.

दिग्दर्शक शिरोडकर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आता एकदाच. नाही जमलं तर हे सगळं मी संगणकावर करून घेतो. भारुंडासकट."

ते गेले.

"आबा, काहीतरी बोला ना!"

"भारुंड बघतो कुठे?" आबांनी विचारलं.

"कॅमेऱ्याकडे. जरा डावीकडे झुकून. तशी त्याची चोच फार उठून दिसते."

"पोर आगीतून उडी मारते. आणि तो कॅमेऱ्याकडे बघतो?"

शाल्मली चिडली. "मी मॉनिटरवर सारखी तपासते, आबा. पापणी, चोच, मान... एक हालचाल चुकलेली दाखवा!"

आबा फळीवरून उतरले. मंचाखाली, ती उभी राहायची तिथं, छोटा मॉनिटर ठेवलेला होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच्यावर टाकला.

"मला काही दिसणार नाही!"

"हं," आबा म्हणाले, आणि पुन्हा फळीवर चढले.

...

शाल्मली मंचाखाली वाकून बसली. मंचाच्या खाचेतून तिचा हात वर, भारुंडाच्या मानेत. दोन्ही बाजूंना पंखांच्या काठ्या धरून चौघे. तिच्या डोळ्यांसमोर नुसत्या फळ्या.

वर आग पेटली. आबांनी दोऱ्या सैल सोडल्या.

मानेवर धप्प झालं.

पावशेरभर वजन. लाकूड आणि चिंध्या. एरवी याच क्षणी ती चोचीचा कोन बघायची. आज बघायला काही नव्हतंच. फक्त ते वजन होतं... आणि ते थरथरत होतं.

ठरल्याप्रमाणे लगेच वर उठायचं होतं. हात उठला नाही.

हात वळला. अगदी सावकाश भारुंडानं मान मागं नेली, चोच राजकन्येच्या केसांना टेकवली, आणि तो तसाच थांबला.

चौघेही थांबले.

...मग थरथर शमली.

आता चल, असं कुणी म्हणालं नाही. पण शाल्मली उठली आणि तिच्याबरोबर चौघेही उठले, एका अंगाचे असल्यासारखे. पंख उघडले. आगीच्या ज्वाळा त्या वाऱ्यानं आडव्या झाल्या. भारुंड बुरुज ओलांडून थेट वर निघाला.

छताजवळच्या माचीवर दिवे सांभाळणारे सर्जेराव उभे होते. भारुंडाच्या पंखांना एकेक पीस त्यांनीच चिकटवलेलं. पक्षी खाली काठ्यांवरच होता, तरी तो आपल्याकडेच येतोय असं वाटून त्यांनी डोक्यावर हात धरले आणि खाली वाकून त्याला वाट दिली.

'कट' म्हणायचं शिरोडकर विसरूनच गेले.

मग सगळा स्टुडिओ उसळला. शिट्ट्या, टाळ्या, कुणी भिंती बडवतंय. शिरोडकर जमिनीवर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. "संगणक गेला खड्ड्यात!"

शाल्मली मंचाखालून धावतच बाहेर आली. गालांवर पाणी, हात अजून वर उचललेला.

"आबा! उडाला! पाहिलंत? अहो, मान वळवायचं ठरलंच नव्हतं! मी नाही हो वळवली... आबा, कशी वळली ती?"

आबा भारुंडाशेजारी मांडी घालून बसले होते. त्याच्या पंखावर त्यांचा तळवा हलकेच टेकलेला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाय. आत्ताच उतरलाय तो."