विहिरीच्या मोलाचे नाणे

फार पूर्वी तगर नगरावर पद्मसेन राजाचे राज्य असता बोधिसत्त्वाने तेथील एका नाणेपारख्याच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांमागून बाजारपेठेतल्या पारखीच्या ओट्यावर तोच बसू लागला. नाणे दगडावर टाकून नुसत्या आवाजावरून तो खरे-खोटे सांगे. कोणाचे खोटे निघाले, तर चारचौघांत न बोलता त्या माणसाला ओट्याच्या आतल्या अंगाला बोलावून सांगे. म्हणून लोक त्याला मान देत. त्याचे खरे नाव काय होते, ते गावालाही आठवत नसे. सगळे त्याला पारखीदादाच म्हणत.

त्याच नगरात नंदिल नावाचा तरुण व्यापारी राहत होता. त्याच्या गाड्या मलमलीचे गठ्ठे घेऊन घाटाखालच्या बंदरापर्यंत जात. नंदिल मनाचा उमदा, हाताचा सढळ, पण त्याला एक वेड होते. बुडून गेलेल्या राज्यांची जुनी नाणी तो जमवी. छंदिष्ट माणसाशी संसार करणे किती कठीण, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. जेवण झाले की हा लाल कापड पसरून नाणी मांडी, त्यांच्या रांगा बदली, पुन्हा बदली, आणि आतून हाका मारणाऱ्यांचे घसे बसत.

त्याचा सगळ्यांत जास्त जीव होता तो वेणुक नगरीच्या नाण्यांवर. ती नगरी केव्हाच ओस पडली होती. तिच्या राजाने निरनिराळे छाप मारलेली पाच नाणी पाडली होती. त्यांतली चार नंदिलापाशी होती. पाचवे, ज्यावर तळे आणि तळ्यात दोन मासे उमटवले होते, ते काही केल्या मिळत नव्हते. त्या राजाने म्हणे प्रजेसाठी जागोजागी तळी खोदली होती, आणि त्याची आठवण म्हणून हा छाप पाडला होता. लाल कापडावर पाचव्या नाण्याची जागा नंदिल नेहमी मोकळी सोडी.

हेच नाणे बोधिसत्त्वालाही हवे होते. त्याच्या वडिलांनी ते तरुणपणी एकदाच पाहिले होते, आणि म्हातारपणी डोळे गेल्यावर ते बोटांनी हवेत तळे काढून मुलाला दाखवीत. पण बोधिसत्त्वाने ही गोष्ट कधी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती.

नंदिलाच्या तांड्याचा म्होरक्या गोमिक नावाचा म्हातारा होता. नंदिलाला लहानपणी खांद्यावर घेऊन यानेच गाव दाखवले होते. तगर आणि घाट यांच्यामध्ये एक कोरडा माळ लागे. तिथली जुनी विहीर ढासळून बुजली होती, आणि उन्हाळ्यात तो टप्पा ओलांडताना बैलांचे हाल होत. आदल्या उन्हाळ्यात एक बैल वाटेतच पडला, तेव्हा गोमिक नंदिलाच्या घरी येऊन दारातच बसून राहिला होता.

"धाकले धनी," तो म्हणाला होता, "माझं काही नाही. मी ओठ चावून चालेन. पण मुक्या जिवाला काय सांगू? औंदा विहीर बांधून देतो, असा शब्द देऊन आलोय मी त्यांना."

"मग तुझा शब्द तो माझा शब्द," नंदिल म्हणाला. आणि खरोखरच त्याने वर्षभर थोडे थोडे बाजूला काढून तीनशे कार्षापण विहिरीसाठी साठवले. पाथरवट ठरले. त्यांना पैसे द्यायचा दिवसही ठरला.

नेमक्या त्याच दिवशी लिलाव निघाला. मागे कोणी नसलेला एक सावकार वारला होता, त्याची चीजवस्तू राजाज्ञेने चौकात विकायला काढली होती. आदल्या दिवशी सगळ्यांना माल हाताळून पाहायची मुभा असे. नंदिल गेला, आणि एका डबीत त्याला तळे दिसले. दोन मासे दिसले. तो धावतच बोधिसत्त्वाला घेऊन आला.

बोधिसत्त्वाने नाणे दगडावर टाकले, कडा नखाने पाहिल्या, आत तांबे आणि वर मुलामा तर नाही ना ते पाहिले. मग क्षणभर त्याने छापावरून अंगठा फिरवला.

"खरं आहे," तो म्हणाला. "दोनशे कार्षापणांपर्यंत घ्यावं. त्याच्या वर नाही."

"आणि चढलं तर?"

"चढलं तर दुसऱ्याचं. नंदिला, लिलावाचा भाव घरी बसून ठरवायचा असतो, नाणं डोळ्यांपुढे नसताना. ठरवलेलं तेवढंच पिशवीत बांधायचं, गाठ मारायची आणि बाकीचं घरी ठेवून यायचं. चौकात उभं राहिल्यावर आपण नाण्याकडे बघत नाही, शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो."

नंदिलाने मान डोलावली. पटले म्हणून नव्हे, घाई होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी चौकात शिरतानाच बोधिसत्त्वाने त्याला अडवले. नंदिलाच्या कमरेला दोन पिशव्या होत्या.

"ही दुसरी कसली?"

"पाथरवटांची. लिलाव आटोपला की तसाच पुढे जाऊन देतो."

"आधी देऊन ये."

"दादा, लिलाव सुरू व्हायला आलाय! मी काय लहान आहे?"

बोधिसत्त्वाने त्या पिशवीकडे पुन्हा एकदा पाहिले आणि वाट सोडली.

तगरात लिलावाची रीत निराळी होती. कोणी आरडाओरड करीत नसे. मध्यस्थाच्या खांद्यावर एक मोठे उपरणे असे. ज्याला बोली लावायची, तो त्याला खुणावून जवळ बोलावी, आणि उपरण्याखाली त्याच्या हातात हात देऊन बोटे दाबी. एक बोट म्हणजे शंभर. कोणी किती बोटे दाबली, हे बोली संपेपर्यंत मध्यस्थ मेला तरी सांगत नसे, आणि बोली चालू असता इतरांनी एकमेकांशी बोलायलाही बंदी होती. पाण्याच्या घंगाळात भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडलेली असे. ती बुडेपर्यंत पुन्हा हात देऊन बोली बदलता येई; ती बुडाली की बोली संपली. मग ज्याची बोटे सर्वांत जास्त, त्याचा माल, आणि जितकी बोटे दाबली तितके पैसे द्यायचे. आणखी एक नियम होता. आदल्या दिवशी जो माल हाताळून गेला, त्याने दुसऱ्या दिवशी हात द्यायलाच हवा. घ्यायचे नसेल, तर त्याने उपरण्याखाली बंद मूठ द्यायची. मूठ म्हणजे मी सोडले.

वाटी पाण्यात सोडली. नंदिलाने मध्यस्थाला बोलावून दोन बोटे दाबली. दोनशे. ठरल्याप्रमाणे.

समोर शंकुक उभा होता. तो तेलाचा व्यापारी, त्यालाही नाण्यांचा नाद. त्याने हात दिला. थोड्या वेळाने शंकुकाने मध्यस्थाला पुन्हा बोलावले, पुन्हा हात उपरण्याखाली गेला, आणि शंकुक खालमानेने हसला. झाले! हा वर गेला, असे नंदिलाला वाटले. त्याचा हात आपोआप दुसऱ्या पिशवीवर गेला. यातले शंभर पाथरवटांना महिन्याने दिले तरी चालतील, असे त्याने मनाशी म्हटले. त्याने मध्यस्थाला खुणावले आणि तीन बोटे दाबली.

वाटी अर्धी भरली होती. बोधिसत्त्वाला सगळे दिसत होते. दुसऱ्या पिशवीकडे गेलेला हातही त्याने पाहिला होता. त्याच्या स्वतःच्या पिशवीत दोनशे कार्षापण गाठ मारून ठेवलेले होते. त्याला वडिलांची हवेत फिरणारी बोटे आठवली. पण तो मनाशी म्हणाला, या पोराला नाणे स्वस्तात मिळू दे आणि म्हाताऱ्याची विहीर होऊ दे. मी मधे येत नाही. त्याने मध्यस्थाला बोलावले आणि उपरण्याखाली बंद मूठ दिली.

नंदिलाला दिसला तो फक्त उपरण्याखाली जाणारा हात.

मूठही अशीच देतात, हे नंदिलाला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे पडदा आला. हा मला दोनशे सांगतो आणि स्वतः मागून वर चढतो! मोठा पारखी म्हणवतो! म्हणूनच काल तो अंगठा फिरवत होता! राग आणि लोभ एकदम डोक्यात गेले. बोधिसत्त्वाने डोळ्यांनी नको नको म्हणून खुणावले, ते नंदिलाला आव्हानासारखे वाटले. वाटीच्या काठाला पाणी लागायच्या आत त्याने मध्यस्थाचा हात ओढला आणि पाचही बोटे दाबली.

वाटी बुडाली.

मध्यस्थाने उपरणे खाली ठेवले आणि रीतीप्रमाणे सगळ्यांचे हात जाहीर केले. शंकुकाने पहिल्यांदा एक बोट दाबले होते, मग मूठ दिली होती. पारखीदादाची मूठ. नंदिलाचे पाचशे.

चौकात कोणीतरी फिस्सकन हसले. नंदिलाला काही कळेना. मग हळूहळू कळले. दोन बोटांनंतर त्याच्यासमोर कोणीच नव्हते. तो आपल्याशीच चढाओढ करीत होता. वरचे तीनशे त्याने कोणालाही हरवण्यासाठी दिलेले नव्हते.

त्याने दोन्ही पिशव्या मोजून दिल्या आणि नाणे घेतले. बोधिसत्त्व त्याच्या मागोमाग चालत आला.

"ही माझी पिशवी घे. दोनशे आहेत. पाथरवट कामाला लागतील, बाकीचं पुढे पाहू."

नंदिलाला मान वर करता येईना. ज्याला मनातल्या मनात चोर म्हटले, त्याच्याच हातून पैसे कसे घ्यायचे? "नको दादा," तो म्हणाला. "मी बघतो."

"मग नाणं विकून टाक. शंकुक शंभर तरी देईल."

"पाचशेचं नाणं शंभराला?" नंदिल खिन्नपणे हसला. "गाव आणखी हसेल. विहीर पुढच्या वर्षी होईल. एका वर्षाने काय बिघडतं?"

त्या रात्री लाल कापडावर पाचवी जागा भरली. नंदिल बराच वेळ रांगेकडे पाहत बसला. चार नाण्यांनी जितका आनंद दिला होता, तितकाही पाचांनी दिला नाही, आणि असे का होते ते त्याला समजेना.

उन्हाळा आला. बंदरात गलबते लागल्याची बातमी आली आणि तांडा निघाला. निघताना गोमिकाने एकदाच विचारले, "धनी, विहिरीचं?"

"पुढच्या वर्षी नक्की."

बैलांना दिलेला शब्द होता, तो मोडला म्हणून म्हाताऱ्याने नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो पुढे झाला.

तांडा परत आला तेव्हा पुढे गोमिक नव्हता. दुसऱ्या गाडीवानाच्या हातात त्याची घुंगुरकाठी होती. माळावर एक पखाल फुटली, असे त्याने सांगितले. उरलेले पाणी वाटून घेतले. गोमिकाने आपला वाटा पुढच्या जोडीला पाजला. विचारले तर म्हणाला, मी मघाशीच प्यालो. संध्याकाळी बुजलेल्या विहिरीपाशी तो बसला, तो उठलाच नाही. बैल सगळे सुखरूप आले.

नंदिल घुंगुरकाठी हातात घेऊन किती तरी वेळ उभा होता. मग त्याने लाल कापडावरून पाचवे नाणे उचलले आणि तो पारखीच्या ओट्यावर गेला.

"दादा, आता सांगा याची किंमत."

बोधिसत्त्वाने नाणे हातात घेतले. ते दगडावर टाकले नाही. "तळं आहे," तो हळूच म्हणाला. "दोन मासे आहेत."

"पाणी नाही," नंदिल म्हणाला, आणि भर बाजारात तो ओक्साबोक्शी रडू लागला. "विहीर विकून मी तळ्याचं चित्र घेतलं हो दादा!"

बोधिसत्त्वाने त्याला रडू दिले. मग तो म्हणाला, "चूक तुझी एकट्याची नाही. तुझा हात दुसऱ्या पिशवीवर गेला, तेव्हा रीत मोडून मी ओरडायला हवं होतं. दंड झाला असता, तो भरला असता. मी रीत सांभाळत बसलो." त्याचेही डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी नंदिलाने ते नाणे शंकुकाला, तो देईल त्या भावाने दिले. बाकीची चारही दिली. या वेळी त्याने बोधिसत्त्वाची पिशवी नाकारली नाही. पावसाळ्यापूर्वी माळावरची विहीर उपसून, बांधून झाली. पाथरवटांबरोबर नंदिलाने स्वतः माती वाहिली. पाणी लागले तेव्हा सगळ्यांनी आनंदाने आरोळी ठोकली. नंदिलाने पहिली ओंजळ भरली आणि काठावर, जिथे म्हातारा बसला होता, तिथे ओतली. पाणी गोड होते. पण ज्याने ते मागितले होते, त्याला ते मिळाले नाही, आणि हे शल्य नंदिलाच्या मनातून मरेपर्यंत गेले नाही. पुढे तो पुष्कळ लिलावांना गेला. एकच पिशवी घेऊन गेला. तरी दरवेळी वाटी पाण्यात सोडली की त्याला माळ आठवे.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी जेतवनाच्या विहारात ही कथा सांगितली, तेव्हा समोर एक भिक्षू बसला होता. विहाराबाहेरच्या गाडीवाटेवर तो रोज एक रांजण भरून ठेवी. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. का करतोस, असे विचारले की, रांजण न भरता राहिला तर जेवण जात नाही, एवढेच तो म्हणे.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा नंदिल म्हणजे हा रांजण भरणारा भिक्षू. शंकुक म्हणजे या नगरीतला तेलाचा व्यापारी, जो आपल्या विहारात रोज दिव्याला तेल घालतो. गोमिक म्हणजे तो म्हातारा गाडीवान, जो रोज दुपारी त्या रांजणापाशी गाडी सोडतो, आधी बैलांना पाजतो आणि मग स्वतः पितो. आणि ज्याने मूठ दिली पण तोंड उघडले नाही, तो पारखी मी होतो. किती पुरे, हे वेळेवर ओळखणे, याला मात्रज्ञता म्हणतात. ती मला त्या जन्मी स्वतःपुरती साधली, दुसऱ्याला वाचवण्याइतकी साधली नाही. म्हणून ती पुरी करायला मला पुढे पुष्कळ जन्म घ्यावे लागले."

तो भिक्षू उठला. ऊन चढत होते, आणि रांजण अजून भरायचा होता.