खांबाचा फाऊल

रणनवरेसाहेबांना बास्केटबॉलमधलं एवढंच कळायचं, की आपण क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आहोत आणि आपले चिरंजीव संघाचे कप्तान.

अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला हे चिरंजीव चेंडू घेऊन उधळले आणि समोर दोन्ही पाय रोवून उभ्या असलेल्या पोराला त्यांनी आडवं केलं. पंच सातपुतेबाईंनी शिट्टी फुंकली. धडक देणारा दोषी! कप्तानाचा हा पाचवा फाऊल, म्हणजे आता थेट मैदानाबाहेर.

साहेब सत्काराची शाल सावरत मैदानात घुसले.

"अहो बाई, तो पोरगा वाटेत आला! फाऊल त्याला द्या."

"तो आधीपासून तिथंच उभा होता, साहेब."

"असेना का! वाटेत होता ना? मग चूक त्याचीच. इथं मी सांगेन तो नियम."

"बरं, तुमचाच नियम लावू," बाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी तुमची गाडी फाटकाच्या खांबावर आदळली आणि तुम्ही ड्रायव्हर हैबतीला चारचौघांत थोबाडीत मारलीत. खांबही वाटेतच होता की! आधी हैबतीची इथंच माफी मागा. मग मी खांबालाही फाऊल देते आणि ह्या पोरालाही."

सगळं मैदान खो खो हसलं. हैबती मात्र हसला नाही. तो पुढं येऊन साहेबांसमोर उभा राहिला.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग चिरंजीवांकडं.

"ये बाहेर," ते चिरंजीवांवर खेकसले. "मोठा आलाय कप्तान!"

ड्रायव्हरची माफी मागण्यापेक्षा त्यांना सामना हरणं परवडलं.