भडंग कोणी खाल्ले?

एका गावात रुद्राप्पा शेटे याचे भडंगाचे दुकान होते. भडंग असे खमंग, की लसणाचा वास एसटी स्टँडपर्यंत जाई आणि उतारू त्या वासामागे दुकानात येत. दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ. तरीही महिनाअखेर गल्ल्यात काही उरत नसे.

मोठ्या माणसांची एक खोड असते. चूक शोधायची झाली, की ती आपल्यापेक्षा लहान माणसापासून सुरुवात करतात. रुद्राप्पाने भट्टीवर चुरमुरे परतणाऱ्या यल्लूबाईवर संशय घेतला.

"हीच पुडे घरी नेत असणार. पुढच्या महिन्यात हिला काढतो."

हे ऐकून त्याची मुलगी गिरिजा उसळली. ती नुकतीच कॉमर्स कॉलेजात जाऊ लागली होती. अकाउंट्सचा पहिलाच धडा झाला होता.

"आप्पा, आमच्या मॅडमनी सांगितलंय, दुकान वेगळं आणि मालक वेगळा."

रुद्राप्पा खो खो हसला. "यासाठी फी भरतोय होय मी? दुकान माझं. मग मी कोण? गिऱ्हाईक?"

"हो. तेही पैसे न देणारं! एक महिना तुम्ही दुकानातून जे उचलाल, त्याचे पैसे गल्ल्यात टाकायचे. तरीही काही उरलं नाही, तर यल्लूबाईंना काढा आणि माझं कॉलेजही बंद करा."

"ठरलं!" रुद्राप्पा म्हणाला. शब्दाचा तो पक्का होता.

दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलीच्या सासरचे व्याही आले. रुद्राप्पाने सवयीने मोठा पुडा बांधला. "न्या हो, घरचंच आहे!"

गिरिजाने हात पुढे केला. "आप्पा, पैसे."

व्याही बघतच राहिले. रुद्राप्पाचे कान लाल झाले. पण त्याने मुकाट्याने खिशात हात घातला. मग पारावरची मित्रमंडळी आली. पुतण्याच्या साखरपुड्याला पोतेभर भडंग गेले. संध्याकाळी गल्ल्यावर बसून तो स्वतः मुठी भरभरून खाई, त्याचेही पैसे गिरिजा घेई.

"आता मुठीचेसुद्धा?"

"मूठ केवढी आहे, बघा की!"

महिना संपला. गल्ला उघडला, तर नोटा मावत नव्हत्या. रुद्राप्पाचा खिसा मात्र रिकामा. या महिन्यात गावची जत्रा होती म्हणून विक्री वाढली, असे तो सहज म्हणू शकला असता. गिरिजा सोडून घरात कोणी उलट बोलले नसते. पण तो उठला आणि थेट भट्टीपाशी गेला.

"यल्लूबाई, चोर सापडला."

तिचा झारा हवेतच थांबला. "कोण हो, मालक?"

"मीच. चुकलो बाई, माफ कर."

यल्लूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मग त्याला कामावरून काढायचं का?"

भट्टीपाशी एकच हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने रुद्राप्पा हसला. त्याने तिथेच यल्लूबाईचा पगार वाढवला. मग मूठभर भडंग घेतले, आठवणीने गल्ल्यात नाणे टाकले आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "गिरिजे, त्या मॅडमनी पुढं काय शिकवलं, ते सांग की!"

तात्पर्य: तूट दिसली, की दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची मूठ उघडून पाहावी; मोठा माणूस झाला म्हणून हिशेबातून कोणाचीही सुटका होत नाही.