शिवलेलं घरटं

"माझ्यावर कुणी म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही!" असं ओरडत गोदी नावाची शिंपी पक्षीण रानभर उडायची, तेव्हाची ही गोष्ट. उंबराची दोन पानं कापसाने शिवून तिने नमुन्याचं इवलंसं घरटं केलं होतं. "चोचीने कुठं शिवतात का गं?" साळुंकी हसली. गोदी इरेला पेटली. सगळ्या रानाला बोलावून तिने एकेक टाका घालून दाखवला.

चार दिवसांत सगळी रुंद पानं इतरांनी शिवून टाकली. अंडी घालायची वेळ आली आणि गोदीला एक पान उरलं नाही. रानातले हक्क लिहून ठेवणाऱ्या घुबडाकडे ती धावली.

"काका, ही युक्ती माझ्या नावावर लिहा."

"काय लिहू? घरट्याचा घाट, की शिवायची रीत? घाट लिहिला तर लोक दुसऱ्या घाटाचं शिवतील."

"मग रीत लिहा."

"आधी कुणाला दाखवलीस?"

"सगळ्यांना! खोटारडी म्हणत होते ना!"

"मग ती नवी कुठं राहिली? आधी नोंद करायची, मग दाखवायचं."

"पण दाखवल्याशिवाय खरं कोण मानणार होतं?"

घुबडाने नोंद न करताच वही मिटली.

पानं संपली याला जबाबदार कोण, हे ठरवायला रान बसलं. शिवलेल्या घरट्यांतून माना बाहेर काढून सगळ्यांनी एकच नाव घेतलं: गोदी.